खंडेनवमीची जपानी सुरी

मी खरेदीला निघाले की घरातल्या माणसांना अचानक कामं आठवतात. साधा झारा घ्यायचा असला तरी मी चार दुकानं पालथी घालते आणि पहिल्या दुकानातला घेऊन येते. त्यामुळे मी जपानी सुरी घेणार असं जाहीर केल्यावर नवऱ्यानं कपाळाला हात लावला. पण या वेळी मला खरंच कारण होतं, आणि ते कारण स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेलं होतं. माझी आई.

आई पाटणची. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मी तिला सांगलीला माझ्याकडं घेऊन आले. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. म्हणजे विळी बंद. आता विळी बंद म्हणजे माझ्या आईचं काय बंद झालं ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. आमच्या भावकीत कुणाचंही लग्न असो, भाजी चिरायला पहिलं बोलावणं तिला. दहाबारा बायका विळ्या घेऊन गोल बसायच्या, आणि आईची पाटी संपायची तेव्हा बाकीच्या अजून निम्म्यावर असायच्या. काकडी चोचवावी तर तिनंच. काकडी तळहातावर उभी धरायची, सुरीनं तिच्यावर टकटक टकटक घाव घालत जायचं आणि मग वरचा थर कापून ताटात पाडायचा. किसणीवर किसलेल्या काकडीला ती कोशिंबीर म्हणायलाच तयार नसे. या कामासाठी गावच्या लोहारानं तिला एक सुरी करून दिली होती, पण ती झिजून झिजून केव्हाच संपली.

माझ्याकडच्या सुऱ्या म्हणजे प्लॅस्टिकच्या मुठीच्या, करवतीचे दात असलेल्या. टोमॅटोवर ठेवली की टोमॅटो आधी रडतो आणि मग कापला जातो. आईनं एकदा तसल्या सुरीनं कांदा चिरून पाहिला, सुरी बाजूला ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. मग ती नुसती खुर्चीत बसून राहायची. टीव्ही चालू असायचा, बघत नसायची. एक दिवस मी डबे भरत होते तेव्हा म्हणाली, “मला पाटणला सोड. हितं बसून काय तुमच्या तोंडाकडं बघू?” तिथं एकटी काय करशील, असं मी विचारलं. त्यावर म्हणाली की तिथल्या भिंती तरी वळखीच्या हायत. दिवाळीनंतर बघू म्हणून मी वेळ मारून नेली. पाटणच्या त्या घराला तीन पायऱ्या उतरून न्हाणीघर. तिथं ती एकटी?

त्याच दिवशी दुपारी मोबाइलवर मला तो व्हिडिओ दिसला. कुणीतरी जपानी आजीबाई उभ्याउभ्या मुळा चिरत होत्या. अहो, चिरत कसल्या, मुळ्याचा कागद काढत होत्या! मी तीनदा पाहिला. आणि मग जे वेड लागलं त्याला तोड नाही. आठवडाभर मी सुरीतच झोपत होते आणि सुरीतच उठत होते. सांतोकू म्हणजे सगळ्या कामाची, ग्युतो म्हणजे लांब, मांसमच्छीचीही, आणि नाकिरी म्हणजे निव्वळ भाजीची, पुढं टोक नसलेली, सरळ धारेची. पात्यावर लाटांची नक्षी असलेल्या सुऱ्या तर अशा देखण्या की काय सांगू. नवरा म्हणाला, सुरी बघतेयस का जावई बघतेयस? मी म्हटलं जावई बघताना तू एवढी चौकशी करणार असशील तर बरंच आहे.

पण नुसत्या व्हिडिओवर माझा विश्वास नाही. मी मिरजेला गेले. तिथं एक चाचा आहेत, सतारी बनवणारे. माझ्या मुलीची सतार त्यांच्याकडेच दुरुस्तीला जाते. माणसाचं सगळं आयुष्य पटाशीनं लाकूड तासण्यात गेलेलं, म्हणजे धार त्यांना कळणारच. मी मोबाइल पुढं केला आणि सगळ्यांत नक्षीदार सुरी दाखवली. चाचांनी चष्मा वर केला आणि विचारलं, नक्षीनं चिरणार का धारेनं? मग त्यांनी मला तासभर शिकवलं. नक्षीचे पैसे देऊ नका. आतलं पोलाद कुठलं ते बघा. पातं धारेमागं जेवढं पातळ तेवढा कांदा कमी रडवतो. म्हाताऱ्या हाताला हलकी मूठ, लाकडाची. आणि शेवटी दोन रस्ते: गंज न धरणारं पोलाद, ज्याची काळजी कमी पण ज्याला धार लावायला घाम निघतो, नाहीतर साधं कार्बनचं, जे त्याच पैशात जास्त धार देतं, घरच्या दगडावर सहज लागतं, पण ओलं राहिलं की संपलं.

“तुमच्या घरात ओली वस्तू किती वेळ ओली पडून राहते, ते आधी सांगा,” चाचा म्हणाले.

मी ताठ मानेनं सांगितलं की आमच्याकडं सगळं लगेच पुसलं जातं. आणि शिवाय विळीचं पातं तरी कुठं वेगळं असतं? आईनं जन्मभर लोखंडच तर सांभाळलंय. चाचांना ते पटलं. कार्बनची नाकिरी ठरली. दोन चांगल्या सुती साड्यांच्या पैशात खऱ्या जपानी लोहारानं ठोकलेलं पातं! एवढा फायद्याचा सौदा मी आयुष्यात केला नव्हता, आणि ते मी भेटेल त्याला सांगत सुटले.

पार्सल आलं तेव्हा मला धीर कुठला! खोका फाडला, सुरी काढली आणि तशीच आईच्या हातात द्यायला पुढं केली. तिनं हात मागं घेतला.

“खाली ठेव आधी. धार हातात दिली की भांडण व्हतं.”

मी हसले, पण ओट्यावर ठेवली. मग आईनं ती उचलली, वजन घेतलं, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाली, ही तर कोयतीची धाकटी बहीण हाय. पहिल्या दिवशी तिनं मला घाम फोडला. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी फिरते. तिनं सुरी एका हातात उलटी घट्ट धरली, धार वर, आणि दुसऱ्या हातानं दोडका तिच्यावर दाबायला लागली! मी ओरडले. मग ओट्याजवळ उंच स्टूल ठेवलं, फळी दिली, व्हिडिओतल्या आजीबाई दाखवल्या. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी शाळेत शिकवून आले तर ओट्यावर परातभर कोबी, केसासारखा बारीक, आणि आई स्टुलावर बसून शेजारणीला सांगत होती, लय गुणाची हाय, नुसतं टेकवलं की उतरतीय. लगेच पदरानं पातं पुसून तिनं ते कोरडं ठेवलं. मला रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन कोबी उगाच जास्त झाला म्हणून कुरकुर केली. पाटणचं नाव निघेनासं झालं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन देवापुढं मांडतात, हळदकुंकू लावतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आईनं पाटणहून आणलेली आपली विळी माळ्यावरून काढायला लावली. नट आवळायचे पाने, कात्री, सुईदोऱ्याचा डबा, मुलीचा लॅपटॉपसुद्धा मांडला. मी शाळेतल्या कार्यक्रमाला गेले होते. सांगलीत हळदीला काय तोटा, आईनं वाटीभर हळद कालवली होती म्हणे.

दसऱ्याच्या सकाळी मी सुरी उचलली आणि नळाखाली धरली. धुतलेल्या पात्यावर ओल्या हळदकुंकवाचा लेप दिवसरात्र बसला होता. लेप निघाला, त्याखाली पाठीपासून धारेपर्यंत गंजाचे तांबूस डाग. माझी इतकी शोधून आणलेली, एवढी मिरवलेली सुरी! माझं तोंड सुटलं. रोज पुसायचीस, मग कालच काय झालं, असं मी विचारलं. आई म्हणाली, “कुंकू लावल्यालं पुसतंय व्हय कुणी?” मला ते ऐकूच गेलं नाही. मी म्हणाले, तुला एक वस्तू धड ठेवता येत नाही. मी हे आईला म्हणाले. गुडघ्यांवर अजून सुजेच्या खुणा असलेल्या आईला, सणाच्या दिवशी.

ती आत गेली, दोन लुगडी आणि औषधांचा डबा पिशवीत भरला, पिशवी आणून स्वयंपाकघरातल्या आपल्या स्टुलावर ठेवली आणि माझ्या नवऱ्याला विचारलं की कराडची गाडी कितीला हाय. तिथनं पाटण ती आपली आपण गाठणार होती.

मी स्कूटर काढली आणि मिरजेला गेले. राग अजून उतरला नव्हता, खोटं कशाला बोलू. चाचांचं दुकान उघडं होतं. त्यांनी सुरी खिडकीतल्या उजेडात धरली आणि विचारलं, पुजली कुणी? आईनं, मी म्हणाले, तावातावानं.

“बाकीच्या हत्यारांनाही एवढंच कुंकू लावलं होतं का?”

मी आठवू लागले. पान्याला एक बोट. कात्रीला एक बोट. विळीला, पन्नास वर्षांच्या त्या विळीला, दोन बोटं. आणि या सुरीला मुठीपासून पुढपर्यंत बोटाशेजारी बोट, अख्खी रांग. गंजाचे डागही तसेच होते, ओळीनं, एकेका बोटाएवढे. बारीक पॉलिश कागद आणि तेल घेऊन चाचा कामाला लागले. लोखंड आहे, काढलं की निघतं, एवढंच म्हणाले. थोडी सावली राहिली पात्यावर, ती राहू द्या म्हणाले. मग दगडावर धार लावून दिली आणि पैसे घेतले नाहीत, सण आहे म्हणून.

परत येताना मी कशी स्कूटर चालवली देव जाणे. घरी आले तर आई खुर्चीत, चपला घालून तयार. श्रीखंडाचा डबा न उघडता पडलेला, नवरा कोपऱ्यात मोबाइल उलटा धरून बसलेला.

मी सुरी तिच्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली, मूठ तिच्या बाजूला करून, आणि शेजारी दोन काकड्या ठेवल्या. “आई, मी चुकले,” म्हणाले. त्याहून जास्त काही सुचलंच नाही.

ती उठली, एका हातानं भिंत धरून ओट्यापाशी आली. सुरी उचलली, पात्यावरच्या त्या पुसट सावल्यांवरून अंगठा फिरवला, एकेका डागावरून. काकडी तळहातावर उभी धरून पाहिली. आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

“ती पिशवी उचल की गं तिथनं. मी बसू कुठं?”