जागचं हलू नका

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, की बाण माझा होता. नाहीतर पुढचं वाचताना वाटेल, ही बाई नवऱ्यावर आणि सासऱ्यांवर खापर फोडतेय. फोडणार आहेच. पण बाण माझा होता.

न्युरेम्बर्गपासून गाडीने अर्ध्या तासावर जंगलात धनुष्यबाणाचा एक पार्कूर आहे. झाडांमधून वळत जाणारी पायवाट आणि तिच्या कडेला उभे केलेले फोमचे प्राणी: रानडुक्कर, अस्वल, कोल्हा. नेम धरायचा, मारायचा, बाण उपटायचा, पुढे जायचं. आठवडाभर ऑफिसात टेस्ट रिपोर्ट वाचून डोकं उठलं, की मी तिथे जाते. खऱ्या प्राण्याची शिकार धनुष्यबाणाने करायला जर्मनीत बंदी आहे. आणि माझं म्हणाल, तर मी घरातलं झुरळसुद्धा नवऱ्याला मारायला लावते.

त्या शनिवारी आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते दर उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे तीन महिने येतात. नवरा नेम वगैरे धरत नाही. तो धपाट्यांचा डबा आणि थर्मास घेऊन मागून चालतो आणि सूचना करतो.

रानडुकरापाशी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. मी धनुष्य ताणलं.

"आटप गं, बाबांना भूक लागलीय," नवरा म्हणाला.

"मला नाही लागलेली," बाबा म्हणाले.

"लागलीय. तुम्ही बोलत नाही इतकंच."

"अरे, माझी भूक मला कळेल का तुला?"

गप्प बसा ना दोघं! मी हे मोठ्याने म्हणाले नाही, बाण सोडून दिला. तो डुकराच्या पाठीवरून, मागच्या मातीच्या ढिगावरून पलीकडे गेला. लाकडात बाण घुसतो तेव्हा टक्‌ असा आवाज येतो. हा तसा आला नाही. पलीकडच्या झुडपांतून एक हरीण उडालं, खरंखुरं, आणि माझा बाण त्याच्या कुशीत घुसला होता. दोन उड्यांत ते दिसेनासं झालं. बाण सोडण्याआधी निशाणाच्या मागे बघायचं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. मी बघितलं नव्हतं.

मी तिथूनच पार्कूरच्या मालकाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "हं, नीट ऐका. या भागाची परवाना असलेली शिकारीण कुत्रा घेऊन येईल. तोवर जागचं हलू नका. हरणाच्या मागे अजिबात जायचं नाही. जखमी जनावर जवळच कुठेतरी बसतं. त्याला बसू द्या. कोणी मागे गेलं तर ते जीव घेऊन पळतं, मग तासन्‌तास सापडत नाही आणि तितका वेळ तडफडतं."

मी हे जसंच्या तसं मराठीत दोघांना सांगितलं. दोनदा सांगितलं. बोट नाचवून सांगितलं.

नवऱ्याने मान डोलावली आणि हळूच विचारलं, "बाण आपला आहे, हे सांगायलाच हवं का? नाही म्हणजे, आपला नागरिकत्वाचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय."

"बाणावर माझी आद्याक्षरं आहेत, शहाण्या! तूच काढलीस, लाल मार्करने."

"मग काय, प्रश्नच मिटला," तो म्हणाला आणि मोबाइलवर कायदा शोधायला लागला.

शिकारिणीला ही जागा सापडावी म्हणून मी मुख्य वाटेवर जाऊन उभी राहिले. वीस मिनिटं झाली असतील. परत येऊन बघते तर नवरा ओंडक्यावर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, आणि बाबा नाहीत.

"बाबा कुठायत?"

"इथेच तर होते."

इथेच तर होते! या माणसाच्या हाती मी आयुष्य दिलंय. मी ढिगावर चढले. तीस-चाळीस पावलांवर, कमरेएवढ्या नेच्यांमध्ये बाबा वाकून पुढे सरकत होते. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेलं तिचं झाकण. "घे रे बाळा, घे," असं काहीतरी म्हणत होते. त्यांच्यापुढे हरीण बसलेलं होतं. मान वर होती, कान ताठ. मला हाक मारायचा धीर होईना, कारण हाकेनेही ते उठलं असतं.

तेवढ्यात ते उठलंच. पुढच्या पायांवर कोलमडलं, पुन्हा उठलं आणि उतारावरून खाली, ओहोळ ओलांडून पलीकडच्या रानात गेलं.

मग मात्र माझा तोल गेला. "अहो बाबा, कितीदा सांगितलं होतं! दोनदा! बसलं होतं ना ते शांत? बसू द्यायचं होतं ना?"

"मरणाऱ्या जिवाला घोटभर पाणी द्यायचं नाही, हा कुठला कायदा?"

"ते तुमच्या हातून पाणी पिणार होतं? त्याच्या लेखी तुम्ही वाघ आहात, बाबा!"

नवरा मध्ये पडला, "अगं, वयाचा तरी विचार कर." त्यालाही दोन सुनावल्या. लक्ष ठेवायला एक माणूस दिला होता, तेवढंही जमलं नाही.

बाबा परत येऊन ओंडक्यावर बसले. झाकण बाटलीवर फिरवायला लागले, ते नीट बसेना. खाली बघत म्हणाले, "तिलापण नाही देता आलं गं."

सासूबाई करोनात गेल्या. हॉस्पिटलने बाबांना दारातून आत घेतलं नाही, आणि आम्ही इथे, विमानं बंद. शेवटचं पाणी कोणी घातलं का, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. हे मला ठाऊक होतं, पण बाबांच्या तोंडून मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगायचं तर राग मात्र गेला नाही. वाईटही वाटत होतं आणि संतापही होत होता, आणि तिकडे कुठेतरी ते हरीण माझा बाण घेऊन पळत होतं.

शिकारीण आली. साठीची असावी, हिरवं जाकीट, सोबत तांबूस रंगाचा लांब कानांचा कुत्रा. बाण कोणाचा, असं तिने विचारलं. माझा, मी म्हटलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पानांवरचं रक्त बोटाने चोळून पाहिलं, मग नेच्यांमधली बसायची जागा पाहिली. "इथे कोण आलं होतं?" मी सांगितलं. तिने एक लांब श्वास सोडला आणि घड्याळ बघितलं. आता पुन्हा तासभर थांबायचं, म्हणाली, म्हणजे ते पुन्हा कुठेतरी बसेल.

तो तास जाता जाईना. चौघं ओळीने ओंडक्यावर बसलो होतो. नवऱ्याने तिच्यापुढे डबा धरला, तिने निमूटपणे दोन धपाटे खाल्ले. बाबा मध्येच म्हणाले, "मीपण येणार शोधायला." मी नको म्हणणार होते, पण शिकारीण म्हणाली, येऊ द्या, फक्त माझ्या मागे राहायचं.

कुत्र्याच्या मागून आम्ही दीड तास चाललो. ओहोळ, मग चढ, मग काटेरी रान. एवढ्या वाटेवर ते हरीण चार ठिकाणी बसून उठलं होतं. प्रत्येक ठिकाणी रक्त होतं आणि प्रत्येक ठिकाणी शिकारीण मला बोटाने दाखवत होती. शेवटी कुत्रा थांबला. तिने हाताने आम्हाला मागे राहायला सांगितलं. थोड्या वेळाने गोळीचा आवाज आला, एकच.

आम्ही पुढे गेलो. एवढंसं होतं ते. शिकारिणीने टोपी काढली, ओकची एक छोटी डहाळी मोडली आणि त्याच्या तोंडात ठेवली.

"हे काय करतेय?" बाबांनी विचारलं.

मी तिला विचारून सांगितलं, "शेवटचा घास, बाबा. यांच्यात द्यायची पद्धत आहे."

बाबांनी वाकून ती डहाळी पाहिली. मग मला म्हणाले, "विचार तिला. मी गेलो त्याच्या जवळ, त्याने काही बिघडलं का? खरं काय ते सांग म्हणावं."

मी विचारलं. तिने अगदी सविस्तर उत्तर दिलं. हो, बिघडलं, ती म्हणाली, रक्त यकृताचं होतं, म्हणजे बाण वर्मी लागला होता. पहिल्या जागी कोणी गेलं नसतं तर ती पोचायच्या आतच हरणाने तिथेच शांतपणे प्राण सोडला असता. हे साडेतीन तासांचे हाल जवळ गेल्यामुळे झाले.

नवऱ्याला जर्मन माझ्याहून चांगलं येतं. तो माझ्याकडे बघत होता. दुपारपासून मी जे जे ओरडत होते, त्यातला शब्द न्‌ शब्द खरा ठरला होता.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"म्हणतेय, तुम्ही गेलात म्हणून ते कुठल्या दिशेला गेलं ते कळलं. नाहीतर सापडलंच नसतं."

बाबांनी डोळे पुसले.

"बघ," ते म्हणाले. "आणि तू मघापासून केवढी ओरडतेयस माझ्यावर."

"चुकलं माझं, बाबा," मी म्हटलं.