दोन लिटरचा कुकर

गेल्या रविवारी नवी मुंबईत, महाप्याच्या एका कॅफेत बसून आम्ही आमच्याच लग्नाचा आहेर ठरवला. म्हणजे ऑनलाइन गिफ्ट रजिस्ट्री... आपल्याला हव्या त्या वस्तू निवडायच्या, मित्रमंडळींना लिंक पाठवायची, ज्याला जे जमेल ते त्याने घ्यायचं. ताईच्या लग्नात आलेले लेमन सेट आम्ही अजून लोकांच्या लग्नात देतोय, त्यामुळे मला ही कल्पना एकदम पटली होती.

हर्षल मजेत होता. एअर फ्रायर काय, कॉफी मशीन काय... नुसता सुटला होता. मी मात्र प्रत्येक वस्तूपाशी अडत होते. तवा केवढा घ्यायचा? पडदे किती फुटांचे?

कारण हे सगळं जाणार कुठल्या घरात, हेच मुळात हर्षलच्या घरी कुणाला माहीत नव्हतं.

हर्षल तळवलीचा, आगरी. गावात त्यांची स्वतःची बिल्डिंग आहे, काका-काकू-चुलतभाऊ धरून अकरा माणसांचा स्वयंपाक एकत्र होतो. वरचा मजला आमच्यासाठी तयार होतोय. हर्षलची आई मला टाइल्सचे फोटो पाठवते आणि विचारते, ही आवडली का ती... आणि इकडे आम्ही दोघांनी ऐरोलीत भाड्याचा वन बीएचके बघून ठेवलाय.

माणसं वाईट नाहीत हो. उलट फार मायेची आहेत. पण मी कोपरखैरण्याच्या एका खोलीत पाच जणांत वाढले. मला एकदा तरी स्वतःच्या किचनमध्ये मिठाची बरणी मला हवी तिथे ठेवायचीय, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथेच सापडायला हवीय. बस, एवढंच.

हर्षल घरी सांगणार होता. साखरपुडा होऊ दे मग सांगतो... हॉल बुक होऊ दे मग सांगतो... आता पत्रिका छापायला गेल्या तरी हा आपला मूग गिळून गप्प. माझी झोप उडाली होती. उद्या हा आईसमोर गप्प बसला तर सगळं खापर माझ्यावरच फुटणार, हे मला दिसत होतं.

शेवटी साइटने पत्ता मागितला. फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट व्हायचं होतं, म्हणून या पठ्ठ्याने बिनधास्त तळवलीचा पत्ता टाकला. गिफ्ट्स काय, लग्नानंतरच येणार... असं आम्ही दोघंही धरून चाललो.

बंगळुरूच्या माझ्या मैत्रिणीला भारी उत्साह. तिने त्याच दिवशी ऑर्डर केली.

बुधवारी मी महाप्याच्या ऑफिसात असताना काकूंचा, म्हणजे हर्षलच्या आईचा फोन आला. "अगो, तुझा कुकर आलाय. येवरासा हाय." आणि मग, "संध्याकाली ये घरी. एकटीच ये."

दोन लिटरचा कुकर! त्या घरात तेवढ्यात चहासुद्धा पुरणार नाही. कुणी काही सांगायची गरजच उरली नव्हती... त्या कुकरने सगळं सांगून टाकलं होतं.

महापे ते तळवली रिक्षात मी काय काय वाक्यं पाठ केली म्हणून सांगू. माफी मागायची, हर्षलचं नाव पुढे करायचं, की सरळ रडायचं... काही ठरेना. ट्रॅफिक होतं ते बरंच वाटलं.

काकू किचनमध्ये कोलंबी साफ करत बसल्या होत्या. कुकरचा बॉक्स ओट्यावर, उघडलेला. मला पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा कोलंबीकडे बघत म्हणाल्या, "वरच्या माल्यावर भारोत्री ठेवू. टाइल्स काय वाया जानार नाय."

भाडोत्री! म्हणजे त्यांनी सगळं ओळखलं होतं. मी काहीतरी बोलायला गेले तर हात हलवून थांबवलं. त्यांना राग वेगळं राहण्याचा नव्हताच. "बाहेरच्यांना कुकर मागितलात, मना नाय मागितला. आमी काय देवाचा, ता कोनी सांगितला का?"

खरंच... त्यांनी काय द्यायचं, हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. लिंक आम्ही सगळ्या ग्रुप्सवर टाकली होती. घरच्यांना काय कळतंय त्यातलं, म्हणून घरी कुणालाच पाठवली नव्हती. इतकं वाईट वाटलं मला, की तिथेच डोळे भरून आले.

काकू म्हणाल्या, रडू नको, कोलंबी सोल. मग त्यांनी स्वतःच आहेर ठरवून टाकला. मोठा टोप, अख्ख्या घराचा भात शिजेल एवढा, झाकणासकट, नाव घालून. "रविवारी आमी सगली येनार. दोन लिटरात कोनाचा पोट भरंल?"

म्हणजे वेगळं घर मिळालं... आणि दर रविवारी दहा पाहुणेही. मिठाची बरणी जागेवर राहील असं काही दिसत नाही.

निघताना त्यांनी ऐरोलीचा पत्ता लिहून घेतला. आणि एकच सांगितलं, "हर्षलला मी इचारनार नाय. त्याच्या तोंडून आयकाचाय मना." हर्षलला दिसू नये म्हणून बॉक्स तेवढा त्यांनी कपाटात ठेवून दिला.

तेव्हापासून मी गप्प आहे. हर्षल रोज म्हणतो, टेन्शन नको घेऊ, सांगतो... आणि मी रोज नुसती हं म्हणते. जीव टांगणीला लागलाय अगदी. शेवटी आज सकाळी काकूंनाच फोन करून विचारलं, मी यावर पोस्ट लिहू का? त्या खूप हसल्या. म्हणाल्या, लिही.

तर हर्षल, इथपर्यंत वाचलं असशील तर फोन ठेव आणि किचनमध्ये जा. आई काही विचारणार नाही... पण बुधवारपासून वाट बघतेय.