थोरल्या साडूंचं नेमणूकपत्र

माझ्या थोरल्या साडूंशी ज्याचं एकमत झालं असा माणूस सबंध मराठवाड्यात सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर साडू तिथल्या तिथे आपलं मत बदलतील. लातूरच्या एका दाळमिलमध्ये ते अठ्ठावीस वर्षं चाळणीवर आहेत. सरकारने कामगारांचे जुने कायदे मोडून चार नव्या संहिता आणल्या, तेव्हापासून त्यांच्या तोंडाला सुट्टी नाही. मिलसमोरच्या टपरीवर दोन बाकडी आहेत. डाव्या बाकड्यावर बसून साडू सांगतात, की आता मालकाला माणसं काढायला रान मोकळं. ऐकणारे माना डोलवू लागले की त्यांचा विरस होतो. मग ते चहाचा कप उचलून उजव्या बाकड्यावर जातात आणि सरकारची बाजू अशी फर्मास मांडतात, की मघाचेच माना डोलवणारे त्यांच्या अंगावर येतात. "समदे एकाच अंगाला बसले तर बाकडं उलटतंय, गुरुजी," असं त्यांनी मला, म्हणजे नांदेडच्या एका शाळामास्तराला, समजावलं होतं.

लातूरजवळच्या मुरुडला त्यांच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी वाढप्यांना आस्थेने विचारलं, की सकाळी किती वाजता आलात. मग आठ तासांचा हिशेब आणि वरच्या तासांची दुप्पट मजुरी समजावून सांगितली. वाढप्यांना ते इतकं पटलं, की बुंदीच्या बादल्या खाली ठेवून ते मांडवाच्या कडेला जाऊन बसले. पंगत पानावर, आणि मुलीचा बाप, म्हणजे साडूंचा सख्खा भाऊ, हात जोडून उभा. साडूंनी आधी वाढप्यांच्या वतीने बोलणी केली, मग भावाच्या वतीने. आणि ती मिटेपर्यंत दोन पंगतींना स्वतः बादली घेऊन वाढलं. तुमच्या जादा तासांचं कोण देणार, असं त्यांच्या बायकोने भर मांडवात विचारलं, तेव्हा ते बादली उचलून पुढच्या पानाकडे वळले.

एका कलमावर मात्र ते कधीच वाद घालत नसत: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र. ते निघालं की साडू गुपचूप चहा पीत. हा माणूस आमच्याकडे कामाला आहे, असं सांगणारा एक चिठोराही अठ्ठावीस वर्षांत त्यांना मिळाला नव्हता. काम सुटण्याआधी तेवढा कागद हाती यावा असं त्यांना फार वाटे, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं.

गेल्या महिन्यात मिलमध्ये पत्रं वाटली आणि साडूंनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी टपरीवर पोचलो तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून डाव्या बाकड्यावर बसले होते. चष्मा विसरलो म्हणत त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. चष्मा खिशातून डोकावत होता. मी वाचलं. नाव बरोबर होतं, काम बरोबर होतं. रुजू झाल्याची तारीख त्याच महिन्याची पहिली होती, आणि पहिले सहा महिने परीक्षेचे. मी काही वेगळं वाचेन अशी त्यांना आशा असावी.

"नवीन लागलोय मी," साडू म्हणाले. "सहा महिने काम बघतेत, मग ठिवतेत म्हणं."

मी हसलो, कारण तेही हसले. ते उठून उजव्या बाकड्यावर जातील म्हणून मी वाट पाहिली, पण ते हलेनात. मला ते बघवेना. शेवटी मीच कप घेऊन तिकडे जाऊन बसलो आणि म्हणालो, "मालकाचं बरोबर आहे, अण्णा. अठ्ठावीस वर्षांचा पुरावा काय तुमच्याकडं?"

साडू माझ्याकडे वळले. मग सरसावून बसले आणि मला लिहून घ्यायला सांगून पहिल्या दिवसापासून सुरू झाले: पहिला मुकादम कोण, पहिली चाळणी कुठली, तिचा पट्टा कुणी बदलला. मी पेन काढून पत्राची कोरी पाठ समोर धरली, तसा त्यांनी माझा हात धरला.

"त्याच्यावर नका लिहू, गुरुजी," ते म्हणाले. "ते जपून ठिवायचंय."