जिन्यातल्या घड्याळाची चावी

मी माझ्या वडिलांचं एक काम काढून घेतलं. जर्मनीत त्यांना तेवढं एकच काम होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी घेतलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको.

डार्मश्टाटला आम्ही एका वयस्कर विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली त्या, वर मी, बायको आणि आमची लहान मुलगी, आणि मधे जिन्यात त्यांचं घड्याळ. माणसापेक्षा उंच, अक्रोडाच्या लाकडाचं, दारावर रंगवलेले ट्यूलिप आणि दोन पक्षी. बाईंच्या घराण्यातला कुणी सुतार फार पूर्वी अमेरिकेला गेला. तिथल्याच लाकडातून त्याने तिथे हे घड्याळ इकडच्या पद्धतीने बनवलं आणि त्याच्या नातवंडांपैकी कुणीतरी ते बोटीने परत आणलं. तबकडीच्या वर एक फिरता चंद्र आहे, नाक-डोळे रंगवलेला. रोज थोडा सरकतो, महिन्यातून एकदा पूर्ण दिसतो. बाईंना त्या घड्याळाचा भारी अभिमान. परदेशात घडलेलं, तरी शेवटी आपल्या घरी परत आलेलं, असं त्या कौतुकाने सांगायच्या. आम्ही कधी परत जाणार, हेही अधूनमधून विचारायच्या.

आई गेल्यावर बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. साताऱ्याच्या पोस्टात जन्म काढलेला माणूस, रिकामं बसायची सवय नाही. भांडी घासायला घेतली की बायको म्हणायची, "अहो बाबा, मशीन आहे ना." कचरा टाकायला गेले तर कुठल्या डब्यात काय, यावरून मी खेकसायचो. एकट्याने फिरायला जातो म्हणाले तर हरवाल म्हणून बसवून ठेवायचो. मग ते जिन्यात जाऊन घड्याळासमोर उभे राहायला लागले.

चंद्र चुकतोय, हे त्यांनीच ओळखलं. बाईंच्या नवऱ्याच्या माघारी तो कितीतरी वर्षं तसाच चुकीचा फिरत होता. बाबा आपलं मराठी कॅलेंडर घेऊन खाली गेले, तिथीवर बोट ठेवून खाणाखुणांनी बाईंना पटवलं आणि पौर्णिमेच्या दिवशी चंद्र बरोबर जागेवर आणून दिला. बाई इतक्या खूश झाल्या की घड्याळाची चावीच त्यांनी बाबांच्या हातात ठेवली. दर रविवारी सकाळी दहाला चावी द्यायची, हे काम आता बाबांचं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. ते चावी फिरवायचे तेव्हा बाई जर्मन आकडे म्हणायच्या आणि बाबा त्यांच्यामागून म्हणायचे. आकडे झाले, वार झाले, मग कॉफी आली. तासभर वर यायचे नाहीत.

"बाबा, नोकरी लागली की तुम्हाला," मी चिडवायचो.

"लागली बाबा एकदाची," ते म्हणायचे. चावी स्वेटरच्या खिशात असायची. जेवतानासुद्धा मधेच चाचपून बघायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. इथे लॅपटॉप आणि मिक्सरवर भागवतो. त्या वर्षी बाबा म्हणाले, घड्याळालाही एक फूल वाहू. बाई बहिणीकडे गेल्या होत्या. मी घरून काम करत होतो आणि त्या घड्याळाच्या कुरकुरीने माझं डोकं उठलं होतं. म्हटलं, नाहीतरी आज यंत्राला तेल द्यायचा दिवस, देऊन टाकू. घरात खोबरेल होतं. बाटलीत त्याचा दगड झालेला, म्हणून हीटरवर ठेवून पातळ केलं.

"अरे, खोबरेल नको," बाबा म्हणाले. "बाटलीत गोठतंय ते आत गोठणार नाही का?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? जन्मभर शिक्के मारलेत तुम्ही. इंजिनीअर मी आहे."

ते फूल हातात घेऊन बाजूला झाले. मी वरची पेटी काढली आणि चाकांवर सढळ हाताने तेल सोडलं. कुरकुर थांबली. चार दिवसांनी कडक थंडी पडली आणि घड्याळच थांबलं.

बाई परत आल्या, घड्याळाचं दार उघडलं आणि आम्हाला खाली बोलावलं. जिनाभर खोबरेलाचा वास. कुणी केलं हे, त्यांनी विचारलं. त्यांच्या भाच्याचा आमच्या मजल्यावर केव्हापासून डोळा होता, आणि या गावात घर मिळवताना आमच्या नाकी नऊ आले होते.

"वडिलांनी," मी जर्मनमध्ये म्हणालो. "वय झालंय, त्यांना समजत नाही. मी नको म्हणत होतो."

बाबा शेजारीच उभे होते. आकडे आणि वार यापलीकडे त्यांना काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. मला तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता.

"या," ते मग बाईंना म्हणाले. "इश. एंटशुल्डिगुंग."

हो, मीच केलं, माफ करा. म्हणजे माझं सगळं बोलणं त्यांना कळलं होतं.

बाईंनी हात पुढे केला. बाबांनी खिशातून चावी काढली, स्वेटरला पुसली आणि त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी ती रुमालाने पुन्हा पुसली.

कारागीर येऊन घड्याळ साफ करून गेला. बाईंनी चावी मला दिली. "तुम्ही समजूतदार आहात," म्हणाल्या. मी बाबांच्या देखत ती घेतली आणि वर आभारही मानले. पुढच्या रविवारी बाबांनी सवयीने इस्त्रीचा शर्ट घातला, मग लक्षात आलं तसा काढून घडी करून ठेवला. परत जाईपर्यंत ते त्या जिन्यातून मान खाली घालून उतरायचे. माझ्याशी मात्र नेहमीसारखंच बोलायचे, कधी एका शब्दाने टोचलं नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

यंदा उन्हाळ्यात आम्ही सुट्टीवर गेलो, तेवढ्यात घड्याळ बंद पडलं आणि चंद्र पुन्हा चुकला. बाई म्हणाल्या, तुमच्या वडिलांना छान जमायचं, त्यांना विचारा ना. मी साताऱ्याला फोन लावला. "बाबा, चंद्र कसा लावायचा हो? कॅलेंडरवर काय बघायचं?"



"मला काय कळतंय त्यातलं," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "इंजिनीअर तू आहेस." मग नातीची चौकशी केली, जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

मी खाली गेलो. बाई दारातच वाट बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, वडिलांचं वय झालंय, त्यांना आता काही आठवत नाही.