अक्काताईंची रसबाळी

लग्न होऊन मी नंदगडजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा आमची पाण्याची विहीर अक्काताईंच्या परसापलीकडे होती. विहिरीची वाट त्यांच्या केळींमधून जात असे. त्या वाटेवर माझी व त्यांची ओळख झाली. स्वराज्य येण्यास तेव्हा काही वर्षे अवकाश होता. पुढे उतारवयात मी प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकले. ज्यांच्याविषयी लिहावे असे मला प्रथम वाटले, त्या अक्काताईच होत.

अक्काताई विधवा होत्या. त्यांच्या परसातील केळी रसबाळी जातीच्या होत्या. फळ आखूड, साल पातळ, आणि घड पिकला की वास विहिरीपर्यंत येई. लग्नात आईने त्यांच्याबरोबर एक मुनवा, म्हणजे केळीच्या बुंध्याशेजारी फुटलेले पिल्लू, दिला होता. तशी चालच होती. मुनव्याच्या गड्ड्याला चिकटलेली माती झाडायची नाही, धुवायची तर मुळीच नाही. कारण ती माहेरची माती. पुढे प्लेगात त्यांचे माहेर ओस पडले. आईची म्हणून त्यांच्यापाशी ही केळ तेवढीच राहिली. घड उतरवायचा झाला की त्या बुंध्यावर हळदकुंकू वाहत आणि मगच विळा लावत.

त्यांची एकुलती लेक जया हिंडलग्याला दिली होती. जयाच्या सासरी केळीची मोठी बाग होती व तेथील घड शहरातल्या खडेबाजारात विकले जात. म्हणून लग्नाच्या वेळी जयाच्या सासू शालूबाई हसून म्हणाल्या होत्या, "आमच्यात केळीला काय तोटा? तुमचा मुनवा तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे." अक्काताईंना ते लागले होते.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर केळींची खालची पाने कडेने पिवळी पडली आणि मोडून बुंध्याभोवती लोंबू लागली. शेजारचे गुंडू कुंपणावरून म्हणाले, "आक्का, तुझ्या केळी म्हाताऱ्या झाल्या गं. लुगडी नेसाय लागल्या बघ."

"तुझ्या बायकूला शिकवाय बोलवू काय त्यास्नी?" अक्काताई म्हणाल्या. आम्ही सर्व हसलो. त्यानंतर त्या परसात कोणी हसल्याचे मला आठवत नाही.

बुंधे तळाशी उभे चिरले. घड बोटाएवढ्या फळांवरच वाळले. त्या सुमारास शेतकी खात्याचे एक साहेब नंदगडच्या बाजारी आले होते. अक्काताईंनी त्यांना आग्रह करून घरी आणले. साहेबांनी एक गड्डा खणून आडवा कापला. आतल्या पांढऱ्या गरात पानाच्या पिंकेसारख्या तांबड्या रेषा होत्या.

"बाई, ही मर आहे," साहेब म्हणाले. "ही मातीतून मुळात शिरते. यावर औषध नाही. सर्व खणून जाळा. या जागेत पुन्हा केळ लावू नका, आणि मुनवा कोणाला देऊ नका."

अक्काताईंनी कुंपणाकडेचा एक मुनवा दाखवला. "त्यो बघा की हिरवागार हाय. साहेब, पोरं सगळी सारखी नसत्यात. एखादं दांडगं निघतंय."

साहेबांनी शांतपणे समजावले. "बियांचे झाड असते तर तसे झाले असते. एखादे रोप निराळे निघाले असते, रोगाला पुरून उरले असते. तुमच्या केळीत बी नाही. मुनवा म्हणजे लेक नव्हे, बाई, ती तीच आई असते. तुमच्या आईने दिली तीच ही केळ. एकीला जे बाधते ते सर्वांना बाधते."

मी घागर घेऊन तेथेच उभी होते. अक्काताईंचा चेहरा एकदम उजळला. साहेब गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? माझी आईच हाय गं ही. इतकी वरसं दारात हुबी होती, आनि मला कुनी सांगितलं न्हाई."

केळी जाळाव्यात म्हणून साहेबांनी जे समजावले, तेच ऐकून त्या जाळण्यास धजेनात. मरणाऱ्या आईला दुसऱ्या घरी हलवावे, तसे त्यांनी ठरवले. कुंपणाकडेचा हिरवा मुनवा त्यांनी मातीच्या गोळ्यासह काढला, ओल्या गोणपाटात बांधला आणि बैलगाडीने हिंडलग्याला नेला. माती झाडली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "उघडी कशी पाठवू आईला?"

जयाने तो मुनवा हौसेने बागेच्या वरच्या अंगाला, पाटाच्या तोंडाशी लावला. पहिले वर्ष तो जोमाने वाढला. दुसऱ्या वर्षी त्याने लुगडे नेसले. मग पाटाचे पाणी जसे उतरत गेले, तशी त्या पाण्यावरची बाग ओळीने पिवळी पडली. शालूबाईंच्या बागेत बहुतेक रसबाळीच होती.

जया माहेरी आली ती पायरीवरच बसली. आत येईना.

"जेव तरी, जया."

"आत्याबाई म्हनत्यात, तुझ्या आईनं तुझ्या वटीत मरी घातली. ह्यांनी समदी बाग तोडली. आता जोंधळा पेरनार."

"मी मरी दिली न्हाई गं. आई दिली."

"एकच झालं," जया म्हणाली.

ती उठून गेली. पुढे सणासुदीलाही तिला पाठवले नाही.

अक्काताईंनी त्यानंतर परसातील प्रत्येक गड्डा स्वतः खणला व जाळला. ओले गड्डे पेटत नव्हते. नुसता धूर होत होता. मी मदतीस गेले असता त्यांनी मला कुंपणाबाहेरच उभे केले. त्या जागेत त्यांनी पुन्हा काही लावले नाही. सत्यनारायणाला कोणी खडेबाजारची केळी आणली, तर त्या प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवत. आपल्या हयातीत आई दोनदा जळाली, एकदा प्लेगात आणि एकदा या परसात, असे त्या एकदाच म्हणाल्या.

माझ्या सासरच्यांनी विहिरीपलीकडे थोड्या केळी लावल्या होत्या. मी पाण्याला जाण्यासाठी त्यांच्या परसातूनच जात असे. एके दिवशी अक्काताईंनी मला थांबवले. कुंपणाच्या फटीपाशी त्यांनी पाण्याची बादली भरून ठेवली होती. त्या म्हणाल्या,

"पोरी, येताना कसंबी ये. पर हितनं भाईर पडताना पाय धुवून जात जा."