वयाची कोरी जागा

सोमवारी आम्ही केसपेपर लिहिणाऱ्या शालिनीताईंची वही टेबलावरून उचलली आणि तिथं कॉम्प्युटर ठेवला. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. दवाखाना नंदाखाल गावातला. पेशंट नोंदवायचा प्रोग्रॅम मी लिहिलेला.

बुधवारी डॉक्टरांनी मला बोलावलं. "रांग फाटकापर्यंत जाते. बाईंना जमत नाहीये. शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर टायपिंग येणारी मुलगी घेतो."

ताईंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती.

"उद्या मला त्यांच्यामागे बसू द्या," मी म्हणालो. लोक प्रोग्रॅम कसा वापरतात हे बघण्याच्या कामाला तेव्हा आमच्याकडे नावही नव्हतं. मी स्टूल घेतलं आणि गप्प बसलो.

स्क्रीनवर आधी आडनाव, मग नाव, मग वय. वय भरल्याशिवाय पुढं जाता येत नसे, मशीन बीप वाजवी. दर बीपला ताई हळूच म्हणत, "चुकलं हं." मशीनला.

"वय किती, काकू?"

"मला काय म्हाईत, बाय? तुझ्या आईच्या लग्नात मी करवली व्हते. धर हिशेब."

ताई हसल्या. वय न भरताच त्यांनी पुढचं बटण दाबलं. बीप. "चुकलं हं."

मग मला त्यांच्या डाव्या हाताखालच्या चिठ्ठ्या दिसल्या. प्रत्येक पेशंटचं त्या आधी चिठ्ठीवर लिहीत, मग टाइप करीत.

"ताई, दोनदा का लिहिता?"

"रागावू नकोस. तुझं मशीन आधी आडनाव विचारतं. इथं अर्ध्या रांगेचं आडनाव एकच. मी आळी विचारते, मग कोणाच्या घरची ते."

चिठ्ठीवर पहिली ओळ आळीची. मग घर, मग नाव. वय शेवटी, आणि माहीत नसेल तर कोरं. चूक माझी होती, बीप त्या ऐकून घेत होत्या.

स्क्रीन बदलतो म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, "एका बाईसाठी प्रोग्रॅम बदलणार?"

"रांगेसाठी. तुम्ही पेशंटला आधी काय विचारता?"

"कुठल्या आळीतला ते."

शुक्रवारी मी स्क्रीन चिठ्ठीसारखी केली आणि बीप काढून टाकली. शनिवारी साडेअकरालाच रांग संपून बाकं रिकामी होती. निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीवर ताईच बसल्या. पुढं कुठंही प्रोग्रॅम लिहायला गेलो की मी आधी टेबलावरच्या चिठ्ठ्या मागायचो. वापरणारा माफी मागत असेल तर चूक बहुधा आपली असते.

गेल्या महिन्यात ताई वारल्या. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. प्रोग्रॅमची फ्लॉपी आता वाचता येत नाही. त्या करवली काकूंची चिठ्ठी माझ्याकडे आहे. आळी, घर, नाव. वयाची जागा कोरी.