डॉक्टर आधी पाय पाहतात

प्रथम एक गंभीर तक्रार. वीस वर्षांच्या स्नेहात डॉ. भास्कररावांनी एकदाही आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेले नाही. मुलाच्या लग्नात मी जरीचे उपरणे मिरवत होतो. डॉक्टरांनी तेवढी टाचेची भेग हेरली.

आमची ओळख गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी सोप्या मराठीत पत्रक हवे, म्हणून त्यांनी संस्कृतच्या मास्तरला बोलावले. त्यांच्या हातून झालेली ही बहुधा एकमेव निदानचूक. मी ‘तंतुकणिकाक्षयजन्य पेशीमृत्यू’ असा घडीव समास घेऊन गेलो. समोर नामपूरच्या सुमनबाई होत्या, कांदा निवडायच्या कामावर जाणाऱ्या. पाय जळतात म्हणून त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना पत्रक वाचून दाखवले.

“भाऊ, हाई काय शे?”

“मलाही कळलं नाही, ताई. मास्तर, बसा, तुम्हीही ऐका. पेशीत बारक्या बारक्या चुली असतात. ही गोळी विषाणूला स्वतःची नक्कल करू देत नाही. पण जुनी चूल मोडली की नवी मांडायलाही नक्कलच लागते, तीही अडते. चुली विझल्या की पेशी मरते. पायाच्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून पहिली आग तिथं.”

“मंग चूल इझनी, अशे सांगा ना!”

माझ्या समासाचे उत्तरकार्य तिथेच उरकले.

पाय इतके बधिर झाले होते की बाईंची एक चप्पल एसटीत राहिली, ते त्यांना घरी गेल्यावर कळले होते. गोळ्या बंद केल्या म्हणून डॉक्टर रागावले नाहीत. “गोळी बदलू, पण सोडायची नाही. विषाणू टपून बसलाय,” म्हणाले आणि दुसरी गोळी लिहून दिली. आग हळूहळू निवली. थोडी बधिरता राहिली, पण बाई कामावर परतल्या. अजून भेटल्या की विचारतात, “मास्तर, चूल कशी शे?”

त्या जुन्या गोळ्या आता मागे पडल्या. नव्या गोळ्या चुलींना बऱ्याच सांभाळून घेतात. तरी “चप्पल निसटली तर कळते का?” हा प्रश्न डॉक्टर प्रत्येक रुग्णाला विचारतातच.

गेल्या महिन्यात त्यांच्या या अमृतमहोत्सवाच्या तयारीच्या बैठकीला डॉक्टर एकच चप्पल घालून आत आले आणि हारतुऱ्यांवरून आम्हाला झापू लागले. दुसरी पायरीवर होती. मी आणून दिली.

“सैल झालीय हो,” ते म्हणाले.

आमचे माप एकच, मी घालून पाहिली. सैल नव्हती.

डॉक्टरांना मधुमेह आहे आणि स्वतःच्या तपासणीला वेळ नाही. त्यांनी शंभर शरद पाहावेत, पायी हिंडत पाहावेत, ही आम्हा सर्वांची इच्छा. पण आधी त्यांनी कुणालातरी आपले पाय दाखवावेत. मला त्या पायांची काळजी वाटते आहे.